आईच्या डिस्क, टीव्हीचा रिमोट आणि मधली सॉफ्टवेअरं

आमच्या निपाणीच्या घरातला डीव्हीडी प्लेअर शेवटी शेवटी डिस्क आत घ्यायचा, जरा कुरकुरायचा आणि ‘नो डिस्क’ लिहून मोकळा व्हायचा. लेन्स गेलीय हे दुरुस्तीवाल्यालाही कळत होतं नि मलाही. पण तसली लेन्स त्याला कुठे मिळेना. मिळाली असती तरी उपयोग नव्हता, कारण त्या प्लेअरच्या लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरी खुपसायला नव्या टीव्हीत जागाच नाही. टीव्हीला यूएसबी आहे. म्हणजे डिस्कवरचं सगळं फाइल करून पेन ड्राइव्हवर आणायचं, एवढाच रस्ता उरला.

डिस्क आईच्या. बाबा तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. महिन्यातून एकदा कामाला कोल्हापूरला गेले की अंबाबाईचं दर्शन आणि महाद्वार रोडवरून आईसाठी एखादी सीडी, हा नेमच होता. पुढे २००७ मध्ये मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली आणि एकाच्या जागी चार-पाच यायला लागल्या. मराठी सिनेमे, नाटकं, थोडी कीर्तनं, आणि शेजारच्या अक्कांच्या आग्रहामुळे घेतलेले डॉ. राजकुमार यांचे काही कन्नड सिनेमे. अक्का गोकाककडच्या. त्या आमच्याकडे मराठी सिनेमा बघायला बसायच्या आणि आई त्यांच्याबरोबर कन्नड.

आईला हा सगळा उद्योग फुकटचा वाटत होता. “एवढं कशाला करायलीस? यूट्यूबवर असतंय की सगळं,” ती म्हणाली. मग एक दिवस तिने स्वतःच फोनवर तिच्या आवडीचा एक जुना सिनेमा लावला आणि मला हाक मारली. “असतंय, खरं गाणी कापल्यात.” गाणी तर गेली होतीच, शिवाय कोपऱ्यात कुणाचं तरी नाव तीन तास नाचत होतं. नाटकांची गत तर आणखी वाईट. काही सापडलीच नाहीत.

मी बेळगावला एका सीएच्या ऑफिसात हिशेबाचं काम करते. कॉम्प्युटरशी रोजचा संबंध असला तरी व्हिडिओच्या वाट्याला कधी गेले नव्हते. सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं म्हणून विचारायला लागल्यावर प्रत्येकाने वेगळं नाव सांगितलं, आणि प्रत्येकाचं बरोबर होतं, कारण प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर वेगळी डिस्क होती. म्हणून आधी सगळ्या डिस्क जमिनीवर मांडून त्यांचे ढीग केले. व्हीसीडी एकीकडे, विकतच्या डीव्हीडी दुसरीकडे, आणि ज्यांची खालची बाजू जांभळट दिसते त्या तिसरीकडे. जांभळट म्हणजे कुणीतरी घरी किंवा स्टुडिओत बर्न केलेल्या. आमच्याकडे त्या सगळ्या लग्नांच्या निघाल्या.

डिस्क वाचणारा ड्राइव्ह नव्याने घ्यावा लागला. हल्लीच्या लॅपटॉपला तो नसतोच. बाहेरून यूएसबीने जोडायचा चपटा डीव्हीडी रायटर दीड-दोन हजारांत मिळतो. विंडोजने आठव्या आवृत्तीपासून डीव्हीडी दाखवायची सोय स्वतःहून देणं बंद केलंय, तेव्हा डिस्क लावून काहीच झालं नाही तर ड्राइव्ह खराब आहे असं समजू नये. व्हीएलसी टाकावा, तो फुकट आहे आणि तीनही ढिगांतलं सगळं वाजवतो.

विकतच्या डीव्हीडींपासून सुरुवात केली. बहुतेकांनी हँडब्रेकचं नाव घेतलं होतं. व्हिडिओ एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात बदलून देणारं हे सॉफ्टवेअर २००३ पासून आहे, मुक्त आहे, पैसे नाहीत, जाहिराती नाहीत. टाकलं, पहिली डिस्क दिली, तर चित्राच्या जागी हिरवे-गुलाबी चौकोन. डिस्क व्हीएलसीमध्ये छान चालत होती. कारण असं की विकतच्या बऱ्याच डीव्हीडींवर सीएसएस नावाचं कुलूप असतं. ४० बिटांची किल्ली. आजच्या मानाने अगदी किरकोळ, आणि १९९९ मध्येच ते फोडलं गेलं. व्हीएलसीच्या पोटात ते उघडणारी लायब्ररी असते. हँडब्रेक ती सोबत देत नाही. कुलूप नसलेली डिस्क असेल तर तो थेट वाचतो, कुलूपवाली असेल तर आधी दुसऱ्या कुणीतरी उघडून द्यावी लागते.

तो दुसरा म्हणजे मेकएमकेव्ही. दिसायला अगदी ओबडधोबड. डिस्क घातली की डाव्या बाजूला टायटलची, म्हणजे डिस्कवरच्या वेगवेगळ्या तुकड्यांची यादी येते, प्रत्येकापुढे चॅप्टर किती आणि आकार किती. १२० सेकंदांपेक्षा लहान तुकडे तो मुळातच सोडून देतो, त्यामुळे मेनूची चित्रं आणि कंपनीचं बोधचिन्ह यादीत येत नाही. राहिलेल्यांत जे सगळ्यात मोठं ते सिनेमा. आवाजाचा ट्रॅक, सबटायटल, सगळं तिथेच टिक करता येतं. बटण दाबलं की अर्ध्या तासाच्या आत-बाहेर एक एमकेव्ही फाइल तयार.

यात महत्त्वाची गोष्ट अशी की तो चित्राला हात लावत नाही. डिस्कवर जे एमपेग-२ चित्र आहे, ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं, तेच जसंच्या तसं नव्या फाइलमध्ये ठेवतो. फाइल मोठी होते, चार ते सात जीबी. पण डिस्कवर होतं त्यातलं काहीही गेलेलं नसतं. डीव्हीडीसाठी हे सॉफ्टवेअर फुकट आहे, ब्लू-रेसाठी चावी लागते. आमच्याकडे ब्लू-रे एकही नाही, तो प्रश्नच आला नाही.

एक सिनेमा मामेभावाने दुबईहून आणलेला. तो घातल्याबरोबर विंडोजने रीजन, म्हणजे डिस्क जगाच्या कोणत्या भागासाठी आहे त्याचा आकडा, बदलायचा का विचारलं. भारतातल्या डिस्कचा रीजन ५, आखाताचा २. ड्राइव्हला रीजन बदलण्याची मुभा पाचच वेळा असते, पुढे तो शेवटच्या रीजनवर कायमचा अडकतो. मी ‘नको’ म्हणून ती डिस्क बाजूला ठेवली. आपल्याकडच्या बहुतेक सिनेमांच्या डीव्हीडी सगळ्या रीजनसाठी असतात, त्यामुळे ही अडचण फार कुणाला येऊ नये.

मधल्या काळात ऑफिसातल्या एकाने एक विकतचं सॉफ्टवेअर सुचवलं होतं. ‘सब कुछ एका बटणात’ असं त्यांच्या पानावर लिहिलेलं. फुकट चाचणी म्हणून उतरवलं, सिनेमा दिला, पूर्ण होईपर्यंत थांबले. उघडून बघते तर पहिली काही मिनिटंच. पुढच्यासाठी पैसे, आणि तेही दर वर्षी. त्यातही ‘आजच्या दिवसापुरती सवलत’ म्हणून घड्याळ मागे पळतंय, जे दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढ्याच आकड्यापासून सुरू झालं. हिशेबाच्या माणसाला असली सवलत बघितली की तिथेच विश्वास उडतो. पैसे देऊन चांगलं सॉफ्टवेअर घेण्यात गैर काही नाही, पण घरच्या डीव्हीडीसाठी पैसे मोजावेत असं त्यात मला काही दिसलं नाही.

दुसऱ्या टोकाला डीव्हीडी श्रिंकचे भक्त. आमच्या ओळखीच्या एका फोटोग्राफरने ते एका सीडीत जपून ठेवलं होतं, आणि देताना अगदी प्रसाद दिल्यासारखं दिलं. त्याची शेवटची आवृत्ती २००४ ची. त्या काळात त्याचं काम चोख होतं. दोन थरांच्या ८.५ जीबी डिस्कवरचा सिनेमा पिळून ४.७ जीबीच्या कोऱ्या डिस्कवर बसवायचा. मला परत डिस्क करायचीच नव्हती, मग पिळायचं कशाला? हार्ड डिस्कवर जागा स्वस्त आहे. कोणी ते नाव सुचवलं तर एवढंच विचारावं की शेवटी सिनेमा कुठे बघायचाय.

कायद्याचं सांगायला हवं, कारण आमच्या सरांनी पहिला प्रश्न तोच केला. कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्यात २०१२ मध्ये मोठी दुरुस्ती झाली. कलम ५२ खासगी, वैयक्तिक वापराला रास्त व्यवहाराच्या मर्यादेत मुभा देतं. त्याच दुरुस्तीत कलम ६५अ आलं. हक्कांचा भंग करण्याच्या हेतूने असलं कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. हेतू हा शब्द तिथे स्पष्ट आहे. मी वकील नाही. माझ्यापुरती रेघ ओढली ती अशी: डिस्क आमच्या पैशाने विकत घेतलेली हवी, ती घरात जपून ठेवायची, फाइल घराबाहेर द्यायची नाही. भाड्याच्या लायब्ररीचा शिक्का असलेल्या एक-दोन निघाल्या, कधीतरी परत द्यायच्या राहून गेलेल्या. त्या वगळल्या. लायब्ररी बंद होऊन जमाना झाला, तेव्हा परत करायचं म्हटलं तरी कुणाकडे?

आता खरं काम. मेकएमकेव्हीची फाइल टीव्हीला दिली तर कधी चालायची, कधी आवाजच नाही, कधी ‘हा प्रकार चालत नाही’. म्हणून दुसरी, लहान फाइल करायला हँडब्रेककडे परत आले. मूळ फाइल तशीच ठेवायची आणि आईच्या टीव्हीसाठी त्यावरून एमपी४ काढायची, एच-२६४ चित्र आणि एएसी आवाज. हा प्रकार स्वस्तातला टीव्हीसुद्धा खातो.

हँडब्रेकमध्ये प्रीसेट, म्हणजे आधीच जुळवून ठेवलेली सेटिंगं असतात. आपल्या डिस्क पॅल पद्धतीच्या, सेकंदाला २५ चित्रं, तेव्हा ५७६पी २५ असं ज्यात लिहिलंय ते घ्यावं. खाली आरएफ नावाची पट्टी असते. आकडा जितका लहान तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी, म्हणजे सवयीच्या अगदी उलट. डीव्हीडीच्या चित्रासाठी १८ ते २२ च्या दरम्यान ठेवा, असं हँडब्रेकवाले स्वतःच सांगतात. मी एका सिनेमाचा पाच मिनिटांचा तुकडा १८, २० आणि २२ वर काढून तिन्ही आईच्या टीव्हीवर लावले. रात्रीच्या प्रसंगात, जिथे कंदिलाच्या उजेडाबाहेर काळोख आहे, तिथे २२ वर काळ्या रंगाचे पट्टे दिसले. २० वर नाही. १८ आणि २० मधला फरक मला टीव्हीजवळ उभं राहूनही सापडला नाही. २० वर कायम झाले. अडीच तासांचा सिनेमा साधारण सव्वा ते दीड जीबीत बसतो.

चित्रातली दुसरी अडचण लेझीमच्या एका प्रसंगात दिसली. पोरांचे हात हलले की त्यांच्या कडा कंगव्याच्या दातांसारख्या फाटायच्या. एक आड एक रेघा दाखवण्याची जुन्या टीव्हीची जी पद्धत, त्यात डिस्क केलेली होती. जुना डबा टीव्ही ते पचवायचा, सपाट टीव्हीवर ते उघडं पडतं. हँडब्रेकच्या फिल्टरमध्ये आधी ‘इंटरलेस’ ओळखायची सोय आहे आणि त्याखाली ‘डीकोम्ब’. ती फक्त जिथे रेघा फाटल्यात तेवढीच चित्रं दुरुस्त करते, बाकीच्यांना हात लावत नाही. सरसकट सगळा सिनेमा डीइंटरलेस करण्यापेक्षा हे बरं, कारण सरसकट केलं की धारदार चित्रही थोडं मऊ पडतं. काही डिस्क पॅलच्या नसून एनटीएससीच्या, म्हणजे सेकंदाला २९.९७ च्या निघाल्या आणि त्या कुणीतरी घाईत बदललेल्या. त्यात चालणारा माणूस दर क्षणाला किंचित अडखळतो. त्याचं काहीच झालं नाही. फिल्टर लावूनही नाही.

काळ्या पट्ट्यांचंही तसंच. बऱ्याच सिनेमांत रुंद चित्राच्या वर-खाली काळे पट्टे चित्रातच छापलेले असतात, म्हणून रुंद टीव्हीवर चारी बाजूंनी काळं आणि मध्ये सिनेमा. हँडब्रेक पट्टे आपोआप कापतो. मात्र काही वितरक त्याच पट्ट्यात आपलं नाव सरकवत ठेवतात. मग त्याला ते चित्रच वाटतं आणि तो कापत नाही. तिथे आकडे हाताने भरावे लागतात. वितरकाचं नाव कापताना मला जो आनंद झाला तो सांगून सोयीचा नाही.

सबटायटलने घरात थोडं राजकारण केलं. माझा भाचा बंगळुरूत वाढलाय, मराठी समजतं पण नाटकातलं भरभर बोलणं सुटतं. त्याला खाली इंग्रजी ओळ लागते. डीव्हीडीवरची सबटायटलं अक्षरं नसतात, अक्षरांची चित्रं असतात. मेकएमकेव्हीच्या फाइलमध्ये ती नीट राहतात, कॉम्प्युटरवर हवी तेव्हा चालू-बंद होतात. पण टीव्हीच्या आतल्या प्लेअरला ती वाचता येत नाहीत. हँडब्रेकमध्ये ‘बर्न इन’ केलं की ती चित्रावर कायमची छापली जातात. मग आई म्हणते, “हे खाली काय वळवळायलंय?” म्हणून भाच्याला आवडणाऱ्या मोजक्या सिनेमांच्या दोन-दोन फाइली केल्या.

व्हीसीडीचा ढीग सगळ्यात मोठा होता आणि त्यावर लिहिलेलं सगळ्यात कमी मिळतं. जगातल्या बऱ्याच देशांनी व्हीसीडी फारशी वापरलीच नाही. ती १९९३ ची. एमपेग-१ चित्र, ३५२ बाय २८८ ठिपके, म्हणजे डीव्हीडीच्या साधारण पाव. एका डिस्कवर ७४ मिनिटं, म्हणून सिनेमा दोन किंवा तीन डिस्कवर. कुलूप नसतं, सबटायटल नसतात. मेकएमकेव्ही तिच्याकडे बघतही नाही.

आत एमपेगएव्ही नावाचा फोल्डर असतो, त्यात डॅट या शेपटाची मोठी फाइल. ती सरळ कॉपी करून घ्यायची, असं सगळे सांगतात. चांगल्या डिस्कवर तसं होतंही. पण जरा ओरखडा असला की विंडोज शेवटाकडे येऊन सायक्लिक रिडंडन्सी का काहीतरी म्हणतं आणि झालेली सगळी कॉपी टाकून देतं. याचं कारण डिस्कच्या बांधणीत आहे. साध्या डेटा सीडीच्या प्रत्येक सेक्टरमध्ये, म्हणजे माहितीच्या छोट्या कप्प्यात, २०४८ बाइट माहिती आणि उरलेली जागा चुका दुरुस्त करायला राखलेली असते. व्हीसीडीत जास्त सिनेमा बसावा म्हणून ती दुरुस्तीची जागाही वापरली, सेक्टरमध्ये २३२४ बाइट भरले. म्हणजे ओरखड्यावर मात करायची डिस्कची स्वतःची सोयच काढून घेतलेली. प्लेअर अशा ठिकाणी क्षणभर चौकोन दाखवून पुढे जायचा. कॉपी करणारा विंडोज पुढे जात नाही.

इथे आयसोबस्टर कामी आला. तो डिस्क सेक्टर-सेक्टर वाचतो, आणि न वाचलेल्या जागी काय करायचं हे विचारतो. पुन्हा प्रयत्न, सोडून देणे, का रिकामं भरणे. मी रिकामं भरायला सांगितलं. फाइलवर उजवं बटण दाबलं की ‘फक्त एमटूएफटू व्हिडिओ फ्रेम गाळून काढा’ अशा अर्थाचा एक पर्याय येतो. तो घेतला की बाहेर येणारी फाइल थेट एमपेग असते, डॅटचं वेष्टण गळून जातं. ओरखड्याच्या जागी अर्धा सेकंद चित्र तुटतं. आईला ते सवयीचं आहे, तिथे प्लेअरसुद्धा अडखळायचाच.

मग दोन-तीन डिस्कचे तुकडे जोडायचे. त्यासाठी एफएफएमपेग, काळ्या खिडकीत आज्ञा लिहून चालणारा. पहिल्यांदा बघून घाबरायला होतं. मला दोनच गोष्टी लागल्या: फाइली एकापाठोपाठ जोडणं, आणि चित्र-आवाज न बदलता फक्त डबा, म्हणजे ते ज्यात भरलंय तो फाइलचा प्रकार, बदलणं. आज्ञा एका कागदावर लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवली. व्हीसीडीचं चित्र हँडब्रेकमधून पुन्हा काढायच्या भानगडीत पडले नाही. मुळात चित्र इतकं कमी आहे की आणखी एकदा दाबलं तर राहिलंसाहिलंही जाईल, आणि मोठं करून नवीन काही दिसणार नाही. टीव्हीला एमपेग फाइल चालते, विषय संपला.

तिसरा, जांभळा ढीग. आमच्याकडची लग्नं २००५ ते २०१२ च्या दरम्यानची. प्रत्येकाच्या तीन-तीन डीव्हीडी, सुरुवातीला गुलाबाची फुलं उमलतात, मग हृदयात नवरा-नवरी. सिनेमा कुठूनही पुन्हा मिळू शकतो. या मिळणार नाहीत. ज्या स्टुडिओने शूटिंग केलं त्यांच्याकडे काही शिल्लक नाही, त्या कॅसेटवर पुढची लग्नं झाली. शिवाय बर्न केलेल्या डिस्कचा रंगाचा थर उजेडाने आणि दमटपणाने उतरतो, छापील डिस्कपेक्षा लवकर. खरं तर या आधी घ्यायला हव्यात, सिनेमे नंतर. कुलूप नसल्याने फोल्डरच उचलून कॉपी करता येतो. आत एक-एक जीबीच्या व्हीओबी फाइली असतात, कारण तुकडा त्याहून मोठा करायचा नाही असा डीव्हीडीचा नियमच आहे. तोच फोल्डर मेकएमकेव्हीला दिला की तो तुकडे जोडून सलग फाइल देतो.

मामाचं घर खानापूरला. तिथला पाऊस निपाणीसारखा नाही. आमच्याकडे तो तंबाखूला हवा तेवढा येतो, खानापूरकडे सह्याद्रीच्या तोंडाशी महिनोन्‌महिने कोसळतो. मामाने माळ्यावरून काढलेल्या डिस्कच्या खाली बारीक जाळ्यासारखी पांढरी बुरशी होती. कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब, मऊ सुती कापड. पुसायचं ते मधल्या भोकाकडून सरळ कडेला, कधीही गोल गोल नाही. गोल पुसताना ओरखडा पडला तर तो ट्रॅकच्या बाजूने लांबवर जातो आणि एकाच ठिकाणची बरीच माहिती सलग जाते. आडवा ओरखडा डिस्क बऱ्यापैकी सावरून घेते. मावस वहिनीने टूथपेस्टचा उपाय सांगितला. तो खरवडून ओरखडा बुजवायचा प्रकार आहे. लग्नाच्या डिस्कवर मी करणार नाही.

धुऊनही एक डिस्क मेकएमकेव्हीत मध्येच थांबायची. खाली ‘मीडियम एरर, अनकरेक्टेबल’ अशा ओळींचा पाऊस. तिच्यासाठी जुन्या डेस्कटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स टाकून डीडीरेस्क्यू चालवलं. हे सॉफ्टवेअर अडलेल्या जागेवर डोकं आपटत बसत नाही. पहिल्या फेरीत सहज मिळेल ते सगळं उचलतं, अडचणीच्या जागा एका नोंदवहीत लिहून ठेवतं, आणि नंतर फक्त त्याच जागांकडे परत परत जातं. मध्येच वीज गेली तरी नोंदवही फाइलमध्ये असल्याने पुढे तिथूनच सुरू होतं. आमच्याकडे वीज जाणं हे ‘तरी’ नाही, ‘जेव्हा’ आहे. नोंदवही तीच ठेवून डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घातली, तर नव्या चपट्या ड्राइव्हला न जमलेले बरेच सेक्टर डेस्कटॉपच्या जाडजूड जुन्या ड्राइव्हने वाचले. जुना ड्राइव्ह भंगारात घालू नका एवढं मी आता प्रत्येकाला सांगते. कुलूपवाल्या विकतच्या डीव्हीडीवर हे करायचं तर आधी ती व्हीएलसीत मिनिटभर चालवावी लागते, म्हणजे ड्राइव्ह मोकळा होतो. व्हीसीडीवर मात्र डीडीरेस्क्यू चालत नाही, ते २०४८ च्या हिशेबाने वाचतं आणि व्हीसीडीचे सिनेमाचे सेक्टर त्यात बसत नाहीत.

प्रत्येक फाइल झाली की तीन ठिकाणी बघायची: सुरुवात, मध्य आणि शेवट. मधलं जास्त महत्त्वाचं. दोन थरांच्या डिस्कमध्ये एका थरावरून दुसऱ्यावर उडी साधारण तिथे असते, आणि खराब डिस्क बऱ्याचदा तिथेच घोटाळा करते. शिवाय पाकिटावर छापलेली वेळ आणि फाइलची वेळ जुळते का तेही. एका नाटकात दुसरा अंक वेगळ्या टायटलमध्ये होता. सगळ्यात मोठं तेच घ्यायचं या नियमाने तो सुटला असता, पण वेळ जुळवून बघायची सवय ऑफिसातली.

नावं द्यायला मी मोठ्या हौसेने देवनागरीत सुरुवात केली. कॉम्प्युटरवर सुरेख. टीव्हीने त्या जागी चौकोनांची रांग दाखवली. सगळी नावं इंग्रजी लिपीत बदलली, पुढे साल. आईला इंग्रजी वाचायला जड जातं, म्हणून नावापुढे आकडा घातला आणि वहीत आकड्यासमोर मराठीत नाव लिहून दिलं. ती वही आता रिमोटशेजारी असते. घरातल्या टीव्हीवर पोस्टर-बिस्टर दाखवणारा जेलीफिनसारखा सर्व्हर बसवावा असं भाच्याचं म्हणणं होतं. त्यासाठी एक कॉम्प्युटर कायम चालू ठेवावा लागतो. वही बरी.

मूळ मोठ्या फाइली दोन टीबीच्या हार्ड डिस्कवर, आणि तीच सगळी दुसऱ्या हार्ड डिस्कवर बहिणीकडे कोल्हापूरला. एकाच कपाटात दोन प्रती ठेवल्या तर त्यांना दोन म्हणण्यात अर्थ नाही. डिस्क पुसून, नव्या पाकिटात घालून, उभ्या ठेवल्यात.

सिनेमाच्या फाइली मागणारे खूप निघाले. त्यांना नाही म्हटलं. लग्नाच्या मात्र ज्याची त्याला दिल्या. गडहिंग्लजच्या आत्याने त्यासाठी एसटीतून येणाऱ्या भाच्याच्या हाती पेन ड्राइव्ह पाठवला. जागा भरपूर, पण फाइल काही केल्या जाईना. ड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीचा होता, त्यात चार जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. एक्सफॅट करायचं तर आतलं सगळं पुसलं जाणार. आत होत्या गणपतीच्या आरत्या. आत्याला फोन केला. “त्या आधी उतरून घे बाई,” आत्या म्हणाली, “मग काय करायचं ते कर.”